बनियन घातलेला गृहस्थ

पडद्यामागून गुरुनाथ बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात फक्त बनियन होता. खाली पँट होती, पट्टा होता, बूट होते. वर पांढरा, बिनबाह्यांचा, खांद्याशी सैल पडलेला बनियन. जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, शनिवारची सकाळ होती. ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या कम्युनिटी हॉलमधला गॅस हीटर नुसता आवाज करत होता, आणि अकरा माणसं हातातले ब्रश थांबवून त्याच्याकडे बघत होती. त्यांतली एक त्याची बायको होती. शिकवणाऱ्या मिसेस युरिचनी पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, "मिस्टर गुरु, तुम्ही बनियनमध्ये बसायचं." त्यानं खात्री करून घेतली होती. "बनियनमध्ये?" "हो, बनियनमध्ये. पडद्यामागे आहे." पडद्यामागे एक आरसा होता, खुर्ची होती, दांडीवर नाटकातले कसलेकसले झगे टांगले होते. बनियन त्याच्या अंगातच होता, तेव्हा शोधायचं काही कारण नव्हतं. चित्रकारांचं काही सांगता येत नाही, असं मनाशी म्हणत त्यानं स्वेटर काढला, शर्ट काढला, दोन्हींची घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि तो बाहेर आला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर तोही हसला असता आणि विषय तिथंच संपला असता. पण ती माणसं गेले दोन महिने बघायलाच शिकत होती. ती बघत राहिली. त्याच्या गळ्याजवळची रंगाची सीमारेषा, जिथं ऊन लागलेली कातडी संपते आणि न लागलेली सुरू होते, ती प्रत्येकानं टिपून घेतली असावी असं त्याला वाटलं. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात आपल्या दंडांकडे इतकी माणसं एकदम कधी बघत होती, हे तो आठवू लागला, आणि त्याला एकही प्रसंग आठवेना. मग मृदुला उठली. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "अहो, हा नव्हे. आत तो लाल फुलांचा पायघोळ झगा आहे ना, त्याला म्हणतात बनियन." तिच्या आवाजात हसू होतं, पण ते तिनं दातांमागे धरून ठेवलं होतं. "मग आधी सांगायचं नाही?" तो म्हणाला. "मला काय माहीत तुम्ही कपडे उतरवायला लागाल म्हणून."

मिसेस युरिच सत्तरीच्या होत्या. त्यांचे आजोबा डाल्मेशियातून येऊन इथंच द्राक्षं लावून बसले होते, आणि त्या स्वतः चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून आता दोन-अडीच इंचांची व्यक्तिचित्रं शिकवत होत्या. पूर्वी ती हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर काढत. आता त्या रंगाच्या प्लास्टिकवर काढायची. ऑक्टोबरात त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं आणि विषय ठरला होता पुरुषांचा पोशाख, अठराव्या शतकाची शेवटची वीस वर्षं. प्रत्येकीनं आपल्या घरचा एक पुरुष धरून आणायचा, जवळच्या नाटकमंडळींकडून आणलेले कपडे त्याला चढवायचे आणि सहा शनिवार त्याला हलू द्यायचं नाही. गुरुनाथच्या शेजारच्या खुर्चीत बॅरी नावाचा प्लंबर बसला होता. त्याला बाटलीसारखा हिरवा मखमली कोट मिळाला होता, पोलादी बटणं रुपयाएवढाली, आणि गळ्याशी लेसचा झुपका. "बायकोनं सांगितलं अर्ध्या तासाचं काम आहे," तो गुरुनाथला म्हणाला, आणि त्यानं तो झुपका इतक्या काळजीनं सारखा केला की त्याची तक्रार कुणाला खरी वाटली नसती. मिसेस युरिचनी गुरुनाथला तो लाल फुलांचा झगा स्वतः चढवला. हे कापड हिंदुस्थानातून जायचं, त्या म्हणाल्या, आणि नावही तिकडच्याच व्यापाऱ्यांवरून पडलं. कोट बाहेर जाताना. घरी आलं की कोट काढायचा, पावडर लावलेला टोप काढायचा, आणि हे घालून बसायचं. डॉक्टर, विद्वान, औषधं बनवणारे, यांना आपलं चित्र यातच काढून हवं असे. विचार करणारा माणूस आहे हे लोकांना कळावं म्हणून. "तुम्ही फार्मसिस्ट ना? मग हेच तुमचं."

खुर्चीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं त्याला फक्त लाज वाटत होती. मग ती ओसरली आणि तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणायचं ते त्याला कळेना. झगा सुती होता, आतून अस्तर लावलेला, खांद्यावरून सरळ खाली आलेला. कुठं घट्ट नाही, कुठं लोंबत नाही. मिरजेला त्याच्या वडिलांचं धोरण होतं की कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा. शाळेचा सदरा तसा, कॉलेजची पँट तशी. लग्नाच्या सुटाचं माप घेताना टेलरमास्तर आकडे मोठ्यानं सांगत होते, छाती तेहतीस, कंबर एकोणतीस, आणि वडील प्रत्येक आकड्यापाठोपाठ म्हणत होते, मास्तर, जरा सुटं राहू द्या. "साहेब, मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, आता काय वाढणार?" मास्तर म्हणाले होते. तरी सूट सुटाच शिवला गेला, आणि फोटोंमध्ये गुरुनाथ कुणाचातरी कोट मागून आणल्यासारखा उभा आहे. पुढे मृदुला त्याचे कपडे आणू लागली, सेलमधून, एकाच मापाचे, करडे आणि निळे. फार्मसीत वर पांढरा कोट. माणसं काउंटरशी येत, त्याच्या हातांकडे बघत, लेबलाकडे बघत, आभाराचं "चिअर्स" म्हणून जात. हेन्डरसनच्या दुकानात आठ वर्षं काढूनही रस्त्यात पांढऱ्या कोटाशिवाय भेटला तर निम्म्या लोकांना त्याची ओळख पटत नसे. त्याला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट त्यात एक सोय होती. कुणी बघत नसलं की माणसाला काही लपवावं लागत नाही.

आणि नेमकं या जुलैत त्याच्याकडे लपवायला काहीतरी होतं. गाडीच्या खणात, नकाशांच्या खाली, वेलिंग्टनहून आलेलं एक पत्र होतं. औषधांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यात जागा होती; त्यानं मे महिन्यात अर्ज केला होता, फोनवर मुलाखत दिली होती, आणि आता ते त्याला बोलावत होते. नवीन औषध देशात आल्यावर कुणाला त्याचा काय त्रास होतो, हे गोळा करायचं, वाचायचं, त्यातून अर्थ काढायचा. कॉलेजात असल्यापासून त्याला हेच करायचं होतं. पत्र उघडलं तेव्हा तो दुकानामागच्या पार्किंगमध्ये एकटाच उभा होता आणि त्यानं चक्क एक उडी मारली होती, छोटीशी, डबा हातात धरून. मग गाडीत बसला आणि त्याला मृदुला आठवली. मिरजेहून मुंबई, मुंबईहून नेल्सन, नेल्सनहून ऑकलंड. प्रत्येक वेळी तो घरी येऊन म्हणाला होता, "असं असं आहे," आणि ती म्हणाली होती, "कधी निघायचंय?" की दुसऱ्या दिवशी दुकानातून रिकामी खोकी यायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. नेल्सनला दोन वर्षं तिला नोकरी मिळाली नाही. तो कांद्याच्या पॅकिंगला जायचा आणि परीक्षेचा अभ्यास करायचा, ती खिडकीशी बसून मुलीच्या, अस्मिताच्या, वह्यांना कव्हरं घालायची. आता कुठं तिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर कायमची जागा मिळाली होती. आणि हा शनिवार मिळाला होता. दिवसभर भिंगाखाली रक्ताच्या पेशी मोजणारी बाई सुट्टीच्या दिवशी पुन्हा भिंगच घेऊन बसते याचं त्याला पहिल्यांदा हसू आलं होतं. पण शनिवारी दुपारी ती गाडीत बसली की बोलत असे, सारखी बोलत असे, कुठला पिवळा कातडीत चालतो आणि कुठला चालत नाही, आणि तो मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी जात असे.

म्हणून त्यानं सांगितलं नाही. पहिल्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारात सांगू असं ठरवलं होतं. तिथं मृदुलाला जुन्या सामानाच्या टेबलावर एक अंडाकृती पितळी चौकट सापडली. कोथिंबिरीच्या जुड्या त्याच्या हातात देऊन तिनं ती चौकट त्याच्या चेहऱ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, आणि म्हणाली, "बरोबर मावताय." त्या वेळी तिला वेलिंग्टनचं सांगणं त्याच्यानं झालं नाही. दुसऱ्या रविवारी पाऊस होता. असे सोळा दिवस गेले.

तिसऱ्या शनिवारपर्यंत चित्र बरंच पुढे आलं होतं. तो बनियनमध्ये रुळला होता. घरून निघतानाच अंगात आला तर बरं, असंही एकदा त्याला वाटून गेलं, आणि अस्मितानं तो एकदा पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, यू लुक लाइक अ कर्टन," तरी त्यानं मनाला लावून घेतलं नव्हतं. बघितलं जाण्याचीही सवय होत होती. मृदुला समोर तीन हातांवर बसायची. आधी वर बघायची, मग भिंगात, मग वर. ब्रशचं टोक केसाएवढं, आणि रंग लावायचा तो ठिपक्याठिपक्यानं. तिची नजर कुठं आहे हे त्याला आता कातडीवर कळायचं. आत्ता कपाळावर आहे. आत्ता डाव्या भुवईच्या टोकाशी. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला जेवण वाढताना पाहिलं होतं, तापात पाहिलं होतं, टॉवेल शोधताना पाहिलं होतं. पण काही काम नसताना, नुसतं बघण्यासाठी म्हणून, पाहिलं नव्हतं. त्यानंही तिला पाहिलं नव्हतं. हा विचार आला की त्याला उगाच पाय हलवावासा वाटे.

"जमत नाहीये," त्या शनिवारी ती म्हणाली. ओल्या ब्रशनं तिनं काहीतरी पुसलं. हे तिसऱ्यांदा. "डोळे आले, नाक आलं. तोंड येत नाही."

"माझं तोंड सोपं आहे की," तो ओठ न हलवता म्हणाला.

मिसेस युरिच आल्या. त्यांनी भिंगातून चित्र बघितलं, बराच वेळ. मग भिंग खाली ठेवून गुरुनाथकडे बघितलं. "रेखाटनात काही चूक नाही," त्या मृदुलाला म्हणाल्या. "मला वाटतं चूक तिकडे आहे." आणि त्या चहाचं पाणी ठेवायला निघून गेल्या.

बनियनच्या सैल बाह्यांत गुरुनाथनं हात एकमेकांत धरले. आजूबाजूला इतकी माणसं होती, पण मराठी कुणालाच येत नव्हतं, आणि घरात जे सोळा दिवस जमलं नव्हतं ते इथं, लाल फुलांच्या झग्यात, त्याला एकदम शक्य वाटलं.

"मृदुला, वेलिंग्टनची नोकरी मिळतेय."

तिनं वर पाहिलं. मग रंगाच्या वाटीत ब्रश फिरवत राहिली. "कधी कळलं?"

"सोळा दिवस झाले. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"कसली?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण भरभर बोलतोय, आणि मान हलवतोय, आणि ती त्याला तसं करू देतेय. संपल्यावर तो 'कधी निघायचंय'ची वाट बघू लागला. ते शब्द यावेत असं त्याला वाटत होतं आणि येऊ नयेत असंही.

"तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

मिरज, मुंबई, नेल्सन; स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलेलं ते 'असं असं आहे' त्याला ऐकू आलं. त्या वाक्यात प्रश्नचिन्ह कधी होतं का, हे तो तपासून बघू लागला. नव्हतं.

"विचारतोय," तो म्हणाला.

"मग नाही."

बॅरीची बायको त्याला मान डावीकडे घे म्हणत होती.

"आत्ता नाही," मृदुला म्हणाली. तिचा आवाज लॅबमधून फोनवर रिपोर्ट सांगतात तसा होता, सावकाश आणि न अडखळता. "अस्मिताची शाळा डिसेंबरात संपेल, मग ती डनीडनला शिकायला जाईल. तोवर मी इथून हलणार नाही. नंतर तिकडे येईन, बघेन, आणि मग ठरवेन. कदाचित नाही पण म्हणेन."

"आणि मी?"

"तुम्ही जा की. तुम्हाला हवंय ना."

"हवंय असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं," ती म्हणाली आणि ब्रशचं टोक तिनं हवेतल्या हवेत त्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्याशी नेलं. "इथं दिसतंय. तीन आठवडे इथं काहीतरी हसतंय आणि बाकीचं तोंड त्याला दाबतंय. मी काय काढू?"

त्याला वाटलं होतं की 'नाही' ऐकल्यावर आपल्याला राग येईल, निदान अपमान वाटेल. तसं काही झालं नाही. जे झालं ते इतकं उलटं होतं की तो जरा घाबरला. इतकी वर्षं एका बाजूनं ढकललं की सरळ उघडणारं दार होतं. आज त्या दारामागे कुणीतरी उभं होतं, आणि त्या कुणालातरी भेटून त्याला आनंद झाला होता. तो हसू लागला. आवाज न करता, खांदे हलवत, लाल फुलं हलवत.

"ऑल राइट, मेट?" बॅरीनं विचारलं.

"मी बायकोला एक विचारलं. ती नाही म्हणाली."

बॅरीनं यावर विचार केला. "स्वीट ॲज," म्हणजे उत्तमच, असं तो म्हणाला, आणि पुन्हा मान डावीकडे घेऊन बसला.

ऑगस्टच्या मध्यावर गुरुनाथ वेलिंग्टनला गेला. पुढचे तीन शनिवार त्यानं आधीच बसून दिले होते. तिथं एका टेकडीवरच्या घरात त्याला खोली मिळाली. घरमालक रमण हा पूर्वी पुण्याहून शिकायला आलेला आणि आता सरकारी कंप्यूटर सांभाळणारा मुलगा होता, आणि त्याला फक्त मॅगी करता येत असे. गुरुनाथ रोज बसनं ऑफिसला जाई. काम त्याला आवडलं. देशभरच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या समोर यायच्या, अमुक गोळीनं पुरळ, तमुक गोळीनं झोप उडाली, आणि तो त्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करायचा. वाऱ्याची मात्र त्याला कल्पना नव्हती. ऑकलंडचं जाकीट तिसऱ्याच दिवशी निकामी ठरलं, आणि दुपारच्या सुट्टीत तो एका कपड्याच्या दुकानात शिरला. करडा कोट दांडीवर होता. त्याच्याशेजारी दुसरा होता, लोकरी, उंच कॉलरचा. मापाचा घालून बघितला तर खांदा खांद्यावर बसला, बाही मनगटाशी थांबली. विक्रेत्या मुलीनं एक नंबर मोठा आणून देऊ का, आतून स्वेटर घालता येईल, असं विचारलं. "नको," गुरुनाथ म्हणाला, आणि आपल्या आवाजाचं त्यालाच नवल वाटलं. संध्याकाळी त्यानं फोन केला.

"कुठल्या रंगाचा?" मृदुलानं विचारलं.

"जांभळट. म्हणजे तसा जांभळा नाही."

"वांगी?"

"भरल्या वांग्याचा नाही. भरताच्या वांग्याचा."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत राहिलं, आणि मग तिनं अस्मिताला हाक मारून तो रंग सांगितला.

ऑक्टोबरात प्रदर्शनासाठी तो ऑकलंडला आला. कौन्सिलच्या इमारतीतल्या एका भिंतीवर अठरा चित्रं टांगली होती, प्रत्येकाखाली दोरीला बांधलेलं भिंग. मृदुलाच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'बनियन घातलेला गृहस्थ'. आधी तो ते बघायला धजेना. दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे, त्यांच्या कशिद्याच्या जाकिटांकडे बघत फिरला. शेवटी भिंग उचललं. चित्रातल्या माणसाचे ओठ मिटलेले होते. नुकतंच काहीतरी बोलून झालं आहे आणि आता जे होईल ते होवो, असं ते तोंड होतं. इतकं छोटं, आणि त्यात हे कसं मावलं, हे त्याला समजेना. मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "चांगला दिसतोय. योग्य गोळ्या देईल असा." गुरुनाथनं तिच्या हातात भिंग दिलं आणि तो बाजूला झाला. तिनं त्याला ओळखलं नाही. पण एकदा चित्राकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून ती जरा थबकली, आणि तेवढं त्याला पुरलं.

डिसेंबरात मृदुला वेलिंग्टनला आली, एकटी, चार दिवसांसाठी. तो तिला टेकड्यांवरची भाड्याची घरं दाखवत फिरला. तिनं कपाटं उघडून बघितली, नळ सोडून बघितले, शेजारची डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, किती लांब आहे ते विचारलं, दुधाचा पुडा तिथून हातात घेऊन चढ चढता येईल का हे प्रत्यक्ष चढून बघितलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. काय ठरतंय हे वाचता येईना, आणि विचारायचं नाही असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत. कानाजवळचे दोन-चार पूर्ण पांढरे झाले होते आणि तिथं तिची कातडी किंचित सोनेरी होती. हा रंग आपल्याला सांगता आला पाहिजे, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशीचं घर लाकडी होतं. एजंट तरुण होता, त्यानं आधी बैठकीची खोली दाखवली, उत्तरेची, म्हणजे इकडे दिवसभर ऊन, समोर बंदर. गुरुनाथला ती फार आवडली. मृदुला एका मिनिटात तिथून निघाली आणि मागच्या अंगाला गेली. तिथं एक लहान खोली होती, भिंती पांढऱ्या, एकच मोठी खिडकी, बाहेर शेजाऱ्यांचं कुंपण आणि फर्नचं झाड.

"ही जरा थंड आहे," एजंट ओशाळून म्हणाला. "दक्षिणेला तोंड. ऊन कधीच येत नाही. लोक इथं सामान ठेवतात."

मृदुला खिडकीशी गेली. तिनं आपला हात पुढे धरला, पालथा, मग उताणा, आणि त्यावर पडलेला उजेड बघत राहिली. तो सारखा होता. हाताला कुठं चमक नव्हती, कुठं काळोखी नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो असाच राहणार होता, भिंगाखाली रंग बघायला हवा तसा.

"इथं सामान ठेवायचं नाही," ती गुरुनाथला म्हणाली. "ही माझी."

एजंटला मराठी कळलं नव्हतं; तो हीटरबद्दल काहीतरी सांगू लागला. गुरुनाथनं वांगी रंगाच्या कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि भाड्याच्या अर्जावर पहिलं नाव तिचं लिहिलं.